आंदणाचा गडवा

त्या रविवारी धानाच्या बांधीत घोट्याइतकंच पाणी होतं. बियासीला वीतभर तरी लागतं. फेकून पेरलेला धान हातभर झाला की उभ्या पिकातून हलका नांगर फिरवतात. गवत चिखलात जातं, दाटी मोडते, उरलेली रोपं मोकळी होऊन फुटवे धरतात. पाणी कमी असलं तर नांगर गवताबरोबर धानही उपटतो. हे बाबांना ठाऊक होतं, नांगर घेऊन आलेल्या बिसाहूलाही ठाऊक होतं. पण बिसाहूचे बैल त्या आठवड्यात तेवढ्या एकाच दिवशी मोकळे होते.

"पानी थोरकिन अउ चाही, बाबू," बिसाहू पारेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहून म्हणाला.

"कालव्याचं पानी उद्या सोडतेत म्हने. उद्या तुहे बैल भेटतीन का?"

"काली नइ मिलय."

"मंग हाक आजच."

बिसाहूनं बैलांना आत घातलं. मी साडी खोचून त्याच्यामागं उतरले. नांगर जी रोपं उपटत होता ती उचलून परत चिखलात दाबायची, एवढंच काम. पण दहा पावलांत कंबर बोलायला लागते. शाळेत मी दिवसभर उभी असते, वाकायची सवय राहिलेली नाही. मान वर केली की भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या दिसत. मरोद्यापलीकडच्या या तुकड्यावर वारा फिरला की धानाच्या पातीवर तांबडी धूळ बसते; ती बोटांना लागते आणि साबणानंही लवकर जात नाही.

बाबा पावडं घेऊन पार बांधत होते. कुठून पाणी झिरपतं ते तळव्याला कळायचं त्यांना. पंचाहत्तर वर्षांचे होते. बत्तीस वर्षं कोक ओव्हनच्या माथ्यावर लाकडी तळव्याचे जोडे घालून चालले होते, खाली निखारा आणि वर झाकणं. निवृत्त झाल्यावर हा दीड एकर घेतला आणि पहिल्या दिवशी चप्पल पारेवर काढून ठेवली. त्यानंतर शेतात त्यांच्या पायात काही पाहिलं नाही.

"हळू दाब वो लली," ते ओरडले. "उत्तरपत्रिकेवर शिक्का मारल्यावानी नोको मारू."

"तुमीच या मंग."

"मी येतो. पार कोन पाह्यीन?"

दुपारी भात आणि अंबाडीची भाजी घेऊन पारेवर बसलो, तेव्हा कालव्याच्या रस्त्यानं हिरालालभाऊंची स्कूटर आली.

हिरालाल बिसेन आणि बाबा एकाच गावचे, भंडाऱ्याकडच्या पिंपळगोंदीचे. बाबांचे वडील गावचे कोतवाल, महारपुऱ्यातले. बिसेनांचं घर वरच्या आळीतलं, शेतीवाडीचं. इथं भिलाईत दोघंही कारखान्यात लागले, एकाच बसनं पाळीला गेले, इथल्या एकाच मराठी मंडळाचे सभासद झाले. हिरालालभाऊंचे वडील श्यामराव बेचाळीसच्या चळवळीत दोन वर्षं जेलात होते. म्हातारपणी ते इथं मुलाकडं राहायला आले आणि गेल्या मार्चमध्ये वारले.

"आनंदरावभाऊ, या उमरीत बियासी? अन् मास्तरीनबाईलेबी चिखलात उतरवलं!"

"रोज पन्नास पोरं सांभाळते ते. त्याच्याहून चिखल बरा," बाबा म्हणाले. "बस. पानी पे."

"आत्ताच पेऊन निघालो."

तीस वर्षांत हिरालालभाऊंनी आमच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. कधी पोट बिघडलेलं असे, कधी उपास असे, कधी आत्ताच पिऊन निघालेले असत. बाबा दर वेळी विचारायचे.

"नऊ तारखेचं बोलाले आलो," हिरालालभाऊ स्कूटरवरून न उतरता म्हणाले. "तुमी फोनवर म्हटलं, पाच मिनिटं पायजेत."

"हो. पाच बस."

"कायच्यावर बोलनार?"

"डोमाजी कोतवालावर. माह्या बापावर."

हिरालालभाऊंनी रुमालानं हँडलवरची धूळ पुसली. पुसून झाल्यावर पुन्हा पुसली. "आमचे बाबाजी जाऊन पाच मयने नाही झाले. आता कायले जुनं उकरता? लोकं म्हनतीन, मानूस मेला अन् हे बोलाले लागले."

"तो जिता होता म्हनून तं बोललो नाही."

"काही दाखवाले आहे का पन? कागद, काही? बिना सबूतचं बोलसान तं तुमचीच इज्जत जाईन. मी तुमच्या भल्याचं सांगून राह्यलो."

"आहे," बाबा म्हणाले. "दाखवाले आहे."

हिरालालभाऊंनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मंग आना," म्हणाले आणि स्कूटर वळवली.

दर नऊ ऑगस्टला मंडळाच्या हॉलात क्रांतिदिनाचा कार्यक्रम असे. श्यामरावांना शाल पांघरवत. हिरालालभाऊ एका वहीतून पिंपळगोंदीची हकिगत वाचत: गावानं तारा कशा तोडल्या, सडकेवर झाडं कशी आडवी पाडली, लॉरी भरून पोलीस कसे आले, तीन दिवस धानात लपून राहिलेला तरुण श्यामराव कसा पकडला गेला. त्यात एक वाक्य होतं. 'गावच्या कोतवालाने दगा दिला.' त्या वाक्याला पुढच्या रांगांतल्या काही माना मागं वळायच्या. शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बाबा हाताची घडी घालून बसलेले असायचे. एकदा, विशीत, मी त्यांच्याबरोबर गेले होते आणि त्या वाक्याला उठून बाहेर आले. घरी आल्यावर विचारलं, "कावून जाता तुमी तिथी?"

"श्यामराव माह्याकडं पाह्यते का, ते पाहाले जातो."

"पाह्यतात का?"

"नाही. आपल्या हाताकडं पाह्यते."

मला एवढंच माहीत होतं की पोलिसांनी आजोबांना चावडीवर फटके मारले होते आणि दोन महिने ते पाठीवर निजू शकले नव्हते. पोलिसांनी मारलं तर दगा कसा, असं मला वाटायचं. मग वाटायचं, पोलीस आपल्या माणसालाही मारतात.

त्या दुपारी बिसाहूनं बैल सोडून बिडी पेटवली, तेव्हा बाबांनी सगळं सांगितलं. पावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून, माझ्याकडं न पाहता सांगितलं.

"श्यामराव धानात नोयता लपला. आमच्या घरी होता. धानाच्या ढोल्यामागं. तीन दिवस."

"कोतवालाच्या घरी?"

"मंग? वरच्या आळीतलं पोट्टं महाराच्या घरात घुसंन असं पोलिसाच्या सपनातबी नाही येनार. त्याचं लगन नुकतं झालं होतं. रात्रीचा आला, हातात आपला गडवा, घरचं पानी भरून. मी मामाच्या गावी होतो, हे मले आईनं सांगतलं. पह्यला दिवस त्यानं आपलंच पानी पुरवून पुरवून पेलं. दुसऱ्या दिवशी संपलं. आईनं आपल्या हिरीचं पानी त्या गडव्यात भरून त्याच्यापुढं ठेवलं. आई म्हने, लय येळ पाहत बसला तो त्या पान्याकडं. मंग पेला. मंग जेवलाबी."

"आन् पोलीस?"

"तिसऱ्या दिवशी आले. म्हने कोतवाल, घरं दाखव. कोतवालाची घुंगुरकाठी राह्यते नं, दुरून वाजवत जायची, लोकाले कळाले पायजे महार येऊन राह्यला म्हनून. बापानं काठी वाजवत पूर्ण गाव तीनदा फिरवलं त्याइले. गल्ली न् गल्ली. घुंगराचा आवाज आयकून जे पळायचे ते पळाले. बेर बुडाली. श्यामराव अंधारात निंगून गेला, पहाटे नाल्यावर दुसऱ्याच पोलिसाइच्या हाती लागला. त्याचं नशीब. बापाले चावडीवर उभं केलं, काठी कावून वाजवली म्हने. बाप म्हने, हुजूर, वाजवनं माही नौकरी आहे."

बिसाहू हसला. त्याला किती कळलं कोण जाणे.

"मंग दगा कुठून आला?" मी विचारलं.

"जातीतल्या लोकाइनं श्यामरावच्या बापाले पुसलं, पोरगा तीन दिवस कुठी होता, काय खाल्लं. खरं सांगतलं असतं तं घर वाळीत गेलं असतं. त्यानं सांगतलं धानात होता, कोतवालानं दाखवला. जेलातून सुटून आल्यावर श्यामराव एक दिवस सकाळी महारपुऱ्याच्या कडेले येऊन उभा राह्यला. आत नाही आला. म्हने, डोमा, मी जिता आहो तवरक बोलू नको. बाप म्हने, नाही बोलत."

"आन् आजोबांनी पाळलं?"

"त्यानं पाळलं, आईनं पाळलं, मी पाळलं." बाबांनी दांड्यावरून हनुवटी उचलली. "आता श्यामराव राह्यला नाही. गडवा आईच्या पेटीत आहे. जाताना घाईत सोडून गेला तो. वापस देल्ला असता तं बोभाटा झाला असता, दुसऱ्याले दाखवला असता तं महारानं चोरला म्हटलं असतं. लिहिलेलं आहे त्याच्यावर. 'चि. श्यामरावचे लग्नात मामाकडून आंदण.' सालबी आहे."

माझे हात चिखलात होते. बोटांमध्ये दोन रोपं होती, ती मी दाबली. पुन्हा उपटून पुन्हा दाबली.

ते वाक्य मी वाचलं होतं.

आजी वारल्यावर दोन वर्षांनी मला नोकरी लागली. चोवीस वर्षांची होते, कॉलेजात पुष्कळ वाचलेलं होतं, सभांना जात होते. एका सुट्टीच्या दिवशी मी आजीची पत्र्याची पेटी साफ करायला काढली. लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला पितळेचा गडवा निघाला. त्याच्या पोटावर ठोक्यांनी अक्षरं कोरलेली होती: बिसेनांचं नाव, लग्न, आंदण. मला वाटलं, मालकांच्या घरचं टाकलेलं भांडं. कोतवालाला सणासुदीला देतात तसं, उष्ट्याबरोबर दिलेलं. आणि आमच्या आजीनं ते एवढं जपून ठेवलं होतं. मला तिची लाज वाटली. क्वार्टरबाहेर भांडेवाली ओरडत होती. तिनं ताजव्यात गडवा टाकला, मी वरून एक फुटका तवा टाकला आणि पाच डब्यांचा स्टीलचा संच घेतला. बाबांना सांगायचं म्हणून ठरवलं होतं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या डब्यांपैकी तीन अजून आमच्या स्वयंपाकघरात आहेत. एकात मीठ असतं.

संध्याकाळी घरी आल्यावर बाबांनी पायही धुतले नाहीत. चिखलाच्या पायांनी आतल्या खोलीत जाऊन पेटी ओढून काढली. मी उंबऱ्यावर वह्यांचा गठ्ठा घेऊन बसले. मागं एकेक वस्तू जमिनीवर ठेवल्याचा आवाज येत होता. आजीची लुगडी. बाबांच्या पाळीचे जुने पास. माझ्या आईचा चष्मा.

"लली, गडवा दिसून नाही राह्यला वो."

मी एका वहीवर खूण केली.

"तू पाह्यला होता का कधी? पितळी. एवढा."

"नाही," मी म्हणाले.

"मंग कुठी गेला? आईनं माह्यापुढं ठेवला होता." पेटी पालथी केल्याचा आवाज आला. "तुह्या भावानं तं नाही नेला, नागसेननं? त्याले फोन लाव."

तेव्हा मी बोलले. एवढी वर्षं वर्गात बोलायची सवय आहे, वाक्यं आपोआप नीट लागतात. मी म्हणाले, "बाबा, गडवा सापडला तरी काय सिद्ध होईल? भांड्यावरून कोन मानंल? आजोबा सरकारचे नोकर होते, त्यांनी नोकरानं करायचं तेच केलं असंल. आजीनं तुमाले बरं वाटावं म्हणून सांगतलं असंल. आन् ती लढाई आपली होती का? तारा तुटल्या म्हणून आपल्याले कोनाच्या हिरीवर पानी भरू देल्लं? कायले जाता त्यांच्या यादीत नाव घालाले?"

यातलं काही मी खरंही मानत होते. पण त्या वेळी ते मी मानते म्हणून बोलले नाही. त्यांनी शोधणं थांबवावं म्हणून बोलले.

मग बाबा दाराशी आले. गुडघ्यापर्यंतचा चिखल वाळून पांढरा पडला होता.

"तुले पटत नाही तं राहू दे," ते म्हणाले. "यादीत नाव नाही मांगून राह्यलो मी. ते एक वाक्य वाचू नोका म्हनतो."

त्यांनी मोरीत पाय धुतले. जेवायला बसले, थोडंच जेवले. मीठ मागितलं, मी डबा पुढं केला. हात धुताना म्हणाले, "उद्या पानी सोडतेत म्हने. सकाळी पाहून येतो."

सकाळी मी शाळेत तिसऱ्या तासाला होते. बिसाहू सायकलवर आला. कालव्याला पाणी सुटलं होतं, बांधी वीतभर भरली होती. बाबा पारेवर बसलेले होते, पावडं मांडीवर आडवं. बिसाहूला वाटलं पाणी बघताहेत. त्यानं लांबून दोन हाका मारल्या.

नागसेन, माझा भाऊ, डोंगरगडहून आला; तो रेल्वेत आहे. त्याची मुलगी करिष्मा बरोबर होती. हिरालालभाऊ आले, त्यांनी तिरडीला खांदा दिला, घाटापर्यंत बदलला नाही. परतल्यावर अंगणात सगळ्यांना पाणी दिलं गेलं. ट्रे त्यांच्यापुढं आला तेव्हा ते म्हणाले, "राहू द्या, गाडीत बॉटल आहे."

आतल्या खोलीत पेटीतलं सामान तसंच जमिनीवर होतं. करिष्मा घड्या करून ते परत भरत होती.

"बुआ, दादाजी क्या ढूँढ रहे थे?"

"कुछ नहीं."

"कुछ तो होगा. पूरी पेटी उलट दी है."

"पुराने कागज," मी म्हणाले. पुन्हा एकदा.

चौथ्या दिवशी मी बांधीत उतरले. बियासीनंतर चलाई करावी लागते. नांगरानं उपटलेली, एका जागी ढीग झालेली रोपं उचलून रिकाम्या जागी लावायची. चार-पाच दिवसांच्या आत झाली नाही तर रोपं सडतात. नागसेन म्हणाला, राहू दे या वर्षी. मी राहू दिलं नाही. त्या रविवारी कमी पाण्यात नांगर चालला होता, त्यामुळं जागोजाग टकलं पडली होती आणि पाण्यावर पिवळी रोपं तरंगत होती.

दहाच्या सुमाराला हिरालालभाऊंची बायको बेबीताई आली. न विचारता साडी खोचून आत उतरली. तिचे हात माझ्या तिप्पट वेगानं चालत होते. तीन बोटांत रोप, अंगठ्यानं खोच, पाऊल मागं.

"तुह्या हातानं तं दिवाळी लागंन," ती म्हणाली.

"शाळेत हे नाही शिकवत."

"शिकवाले पायजे. पोट्टे वठनीवर येतीन."

बराच वेळ आम्ही वाकून लावत राहिलो. पाणी वरून कोमट, खाली गार. माझ्या पोटरीला जळू चिकटली होती, ती बेबीताईनं नखानं काढून पारेवर फेकली. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "मानूस जाताना काय काय करते पाह्य. तुह्या बाबाइचं सोपं झालं. आमच्या बाबाजीनं मयनाभर जीव खाल्ला. पानी पेतच नोयते. ग्लास देल्ला का ढकलून द्यायचे. म्हनत, माह्या गडव्यात दे."

मी लावलेलं रोप वर आलं, तरंगू लागलं.

"कोणता गडवा?"

"मी तेच पुसलं. आमी सासूबाईचा तांब्या देल्ला, तोबी नाही. हा नाही म्हने. तिथं राह्यला, तिथचं पानी आन. तिथं कुठी? तं म्हने कोतवालाच्या घरी." ती हसली. "जिंदगीभर ज्या कोतवालाच्या नावानं बोटं मोडले, त्याच्याच घरचं पानी मांगे. बुढ्ढ्या मानसाचं डोकं!"

"हिरालालभाऊंना सांगितलं होतं?"

"तेच तं उशाले बसले होते." ती पुन्हा वाकली. "मले म्हने, हे भायेर बोलू नोको. डोकं फिरलं म्हनतीन लोकं."

मी वाकून राहिले. पाण्यात माझं तोंड दिसत होतं, त्यात धानाच्या पाती. पंचवीस वर्षांपूर्वीची भांडेवाली दिसत होती, ताजवा हातात उचलून धरणारी. एवढंच वाटत होतं की बाबांनी हे ऐकायला हवं होतं. बाबांना हे ऐकायची गरज नव्हती, हे नंतर कळलं. त्यांनी आपल्या आईच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. कागद, भांडं, सबूत, हे सगळं मला लागत होतं. आणि जे होतं ते मीच ताजव्यात टाकलं होतं.

नऊ तारखेला नागसेन म्हणाला, "जाऊ नको, सुतक वगैरे आपण मानत नाही ते ठीक, पण लोक काय म्हणतील." मी गेले.

हॉलात पंखे फिरत होते आणि तरी सगळे कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेत होते. समोर टेबलावर श्यामरावांचा फोटो, झेंडूचा हार. शेवटच्या रांगेत दाराजवळची खुर्ची रिकामी होती. कुणीतरी मुद्दाम ठेवली असेल किंवा दाराशी ऊन येतं म्हणून असेल. मी तिच्याशेजारी बसले.

हिरालालभाऊ उभे राहिले. वही उघडली. तारा, झाडं, लॉरी. त्यांचा आवाज दरवर्षीसारखा नव्हता, पण वाचत होते. "तीन दिवस धानात लपलेला..." इथं ते थांबले. चष्मा वर केला, बोट ओळीवर ठेवलं. मी खुर्चीची कड धरली. त्यांनी बोट एक ओळ खाली नेलं आणि पुढं वाचलं, "...अखेर नाल्याकाठी पकडला गेला."

ते वाक्य त्यांनी वाचलं नाही.

पुढच्या रांगेतली एक मान सवयीनं मागं वळली आणि काही न ऐकल्यानं परत पुढं झाली. बाबांनी एवढंच मागितलं होतं. यादीत नाव नको, ते एक वाक्य वाचू नका. आता पुढच्या वर्षीही वाचलं जाणार नव्हतं. हिरालालभाऊंनी माझ्याकडं पाहून किंचित मान हलवली. मी घरी जाऊ शकत होते. कुणालाच काही कळलं नसतं, आणि सगळ्यांना बरं वाटलं असतं.

टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी आभारांसाठी कागद उचलला. मी उभी राहिले.

"आनंदराव चहांदे यांनी पाच मिनिटं मागितली होती," मी म्हणाले. "ती मला हवी आहेत."

अध्यक्षांनी हिरालालभाऊंकडं पाहिलं. हिरालालभाऊंनी वही मिटली. कुणीतरी माईक हातोहात मागं पाठवू लागलं. तो पोचेपर्यंत मी थांबले नाही. वर्गात मला माईक लागत नाही.

"मी त्यांची मुलगी. डोमाजी कोतवालांची नात. बेचाळीस साली पिंपळगोंदीला श्यामराव बिसेन तीन दिवस माझ्या आजोबांच्या घरात लपले होते. धानात नाही. माझी आजी भागाबाई हिनं त्यांना पाणी दिलं, जेवायला दिलं. आजोबांनी पोलिसांना घुंगुरकाठी वाजवत गावभर फिरवलं आणि त्यासाठी फटके खाल्ले. त्यांनी श्यामरावांना शब्द दिला होता, म्हणून आमच्या घरात कोणी बोललं नाही. याचा एक पुरावा होता."

हॉलात पत्रिकांचा वारा थांबला होता. हिरालालभाऊ वही मिटून उभे होते. ते आपल्या हाताकडं पाहत होते.

"पुरावा आता नाही," मी म्हणाले. इथवर वाक्यं नीट आली होती. पुढची येईनात. जी आली ती घरातली आली. "हिरालालभाऊ, तुमच्या बाबाजीचा गडवा होता. लग्नातला. त्याच्यावर नाव होतं, साल होतं. माह्या आजीनं चाळीस वर्सं लुगड्यात बांधून ठेवला. मी तो वाचला आन् मले वाटलं, तुमच्या घरचं टाकलेलं भांडं आहे. मले आजीची लाज वाटली. तुमी म्हनसान, सबूत नाही तं खोटं आहे. म्हना. मी पन तेच म्हटलं होतं, बाबाले, त्याइच्या तोंडावर, मरायच्या आदल्या दिवशी."

बेबीताई बायकांच्या रांगेत उभी राहिली होती. तिनं पदर तोंडाशी धरला होता आणि ती नवऱ्याकडं पाहत होती.

मला आणखी कुणाला काही सांगायचं उरलं नव्हतं. मी शेजारच्या खुर्चीकडं वळले.

"बाबा, पेटी तुमी फालतू धुंडली. गडवा मी देल्ला होता. मोडीत. तुमी पुसलं तवा मले मालूम होतं."